दोन बोटं जाडी

मंगळवारी पट्टा तुटला,
हडर्सफील्डच्या फलाटावर,
सात बावीसची गाडी दारं मिटत असताना.
तुटला म्हणजे एकदम नाही.
सहा महिने एकेक टाका सांगत होता
आणि मी सेफ्टीपिनेवर दिवस काढत होते.

लॅपटॉप माझ्या बुटावर पडला, वाचला.
अंगठा काळानिळा.
लीड्सला डंकननं विचारलं, लंगडतेस का?
म्हटलं, कंपनीची मालमत्ता वाचवली.

रात्री फोनवर शंभर बॅगा पाहिल्या,
सगळ्या सडपातळ, सगळ्या रिकाम्या.
रिकामी बॅग कुणाच्याही खांद्याला शोभते.
पाण्यात टिकेल, असं प्रत्येकीखाली लिहिलेलं.
पण इथला पाऊस वरून पडत नाही,
आडवा येतो, चेनीच्या दातांतून,
ओळख नसताना आत येऊन बसणाऱ्या पाहुण्यासारखा.

म्हणून शनिवारी बाजारात, मॉरीनच्या ठेल्यावर.
करडी, जाड कॅनव्हासची, दोन बोटं जाडीची.
हातात घेतली आणि सवयीनं
आधी उलटी केली.

ही सवय कुमुदआत्याची.
मिरजेत ती शाळेची दप्तरं शिवायची,
मे संपत आला की मशीन मध्यरात्रीपर्यंत खडखडायचं.
म्हणायची, बाहेरून सगळ्याच चांगल्या घरच्या.
आत बघ. कडेला दोरे लोंबतात का?
पट्टा जिथं अंगाला लागतो
तिथं चौकोन, चौकोनात फुली, अशी टीप हवी.
फुली नसेल तर ठेव खाली,
देव विकायला बसला असला तरी.

फुली होती.
मॉरीन बघत होती. म्हणाली,
अठरा वर्षं गिरणीत मी हेच तपासलं.
हल्ली आत कुणी बघत नाही, पोरी.
मग पट्ट्याचं एक टोक तिनं धरलं,
दुसरं माझ्या हातात दिलं,
ओढ म्हणाली.
ओढलं आम्ही, दोन बायका, भर बाजारात,
मोज्यांच्या ढिगाच्या अल्याड-पल्याड,
दात-ओठ खाऊन.
पट्टा जिंकला. अडतीस पाउंड.

घरी जुनी बॅग ओट्यावर पालथी केली.
छत्री. तीन चार्जर, एक कशाचा ते आठवत नाही.
कुठल्यातरी वाढदिवसाची मेणबत्ती.
आणि पुठ्ठ्याची ती फाइल:
पासपोर्टच्या प्रती, पगाराच्या चिठ्ठ्या,
भाडेकरार, होम ऑफिसचं पत्र,
त्या पत्राच्या आणखी दोन प्रती.

नऊ वर्षांपूर्वी एकदा,
घर दाखवणाऱ्या एजंटनं सौम्यपणे विचारलं होतं,
दाखवायला काही आहे का तुझ्याकडे?
नव्हतं. त्या दिवशी नव्हतं.
तेव्हापासून रोज आहे.
त्यानंतर कुणी विचारलेलं नाही.

वजनकाट्यावर ठेवली, कणीक मोजायच्या.
लॅपटॉपपेक्षा जड निघाली.
काट्याकडे बघत जरा वेळ उभी राहिले.

नव्या बॅगेत लॅपटॉप गेला,
डबा आडवा होऊन गेला,
फाइल घातली की चेन अर्ध्यावर थांबायची.
डबा काढून फाइल घालून पाहिली.
फाइल काढून डबा.
फाइलीला गेल्या कितीतरी दुपारच्या
मेथीचा वास लागलेला.
शेवटी पोटाचा विचार केला.

सोमवारी खांदा इतका हलका
की दोनदा थांबून पाहिलं, बॅग आहे ना.
ड्यूजबरीच्या अलीकडे तपासनीस आला
आणि माझा हात आपोआप मागच्या कप्प्यात,
पत्र चाचपायला.
त्याला तिकीट हवं होतं.
तिकीट माझ्या दुसऱ्या हातातच होतं,
काखेत कळसा.
थँक्स लव्ह म्हणून तो पुढे गेला.
हात मात्र बराच वेळ आत राहिला,
अस्तराशी, नव्या कापडाच्या वासात.

फाइल अजून ओट्यावरच आहे.
कपाटात ठेवायची म्हणते रोज.
सकाळी घाईत चहाचा कप तिच्यावर टेकवते.
पुठ्ठ्यावर दोन गोल डाग पडलेत,
तिसरा आज पडेल.